लाटणारं यंत्र गेलं, मळणारं आलं

आम्ही एका बचत गटातल्या सहाजणी. तालुक्याच्या गावी चपाती-भाजीचं केंद्र चालवतो. उन्हाळ्यात कुरडया, पापड, मसाला असतो, आणि कुणाकडे बारसं, साखरपुडा, वास्तुशांत निघाली की जेवणाची ऑर्डरही घेतो. मागच्या वेळी रेडिओवर कुरडयांविषयी बोललो, तेव्हा बऱ्याच जणींनी विचारलं, "तुमच्याकडे यंत्रं कुठली आहेत? आम्ही पण घ्यावीत का?" म्हणून आज यंत्रांचं बोलू. सुरुवात मात्र आमच्या फजितीपासून करावी लागणार.

चार वर्षांपूर्वी आम्ही एका प्रदर्शनात चपातीचं यंत्र पाहिलं. एका बाजूनं गोळा ठेवायचा, दुसऱ्या बाजूनं भाजलेली चपाती बाहेर. तासाला पाचशे, असं विकणाऱ्यानं सांगितलं आणि समोर करूनही दाखवलं. आम्ही सहाजणी एकमेकींकडे बघतच राहिलो. जन्मभर पोळपाटाशी वाकलेल्या बाईला तसलं काही दिसलं की तिचा हिशोब सुटतो, दुसरं काय! किंमत दीड लाख. तीस हजार आमचे, त्यासाठी आमच्यातल्या एकीनं आपल्या पाटल्या गहाण ठेवल्या. बाकीचे एक लाख वीस हजार कर्ज, दोन वर्षांचं, शेकडा बारानं.

आमची तेव्हाची रोजची विक्री किती होती? अडीचशे चपात्या. म्हणजे यंत्राचं काम अर्ध्या तासाचं. हा साधा भागाकार सहाजणींपैकी एकीच्याही डोक्यात आला नाही.

पुढचं ऐका. यंत्राला थ्री फेज वीज लागायची, आमच्या खोलीत सिंगल फेज. नवं कनेक्शन मिळेपर्यंत दोन महिने गेले आणि हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू. मग यंत्र चाललं, चपात्या गोल गरगरीत निघाल्या, पण त्यांना घडी नव्हती. आपल्याकडे गिऱ्हाईक घडीची चपाती मागतं, आत तेलाचं बोट फिरवलेली, पदर सुटणारी. सकाळी डब्यात घातलेली दुपारी मऊ राहिली पाहिजे. आमची दुपारपर्यंत पापडासारखी व्हायला लागली. डबेवाली मुलं तोंडावर बोलत नाहीत, नुसती यायची बंद होतात. तिसऱ्या महिन्यात आम्ही पुन्हा पोळपाट काढले आणि यंत्रावर जुनी साडी पांघरली.

चौदा महिन्यांनी ते पंचावन्न हजाराला विकलं. घेणारा शहरातला खानावळवाला, रोजच्या दोन हजार चपात्या करणारा. तो आजही त्या यंत्रावर खूष आहे. यंत्रात खोट नव्हती हो, ते आमच्या घरचं नव्हतं एवढंच.

आता व्याजाचं. शेकडा बारा म्हणजे बारा, असं आम्ही समजलो होतो. पण ते फ्लॅट व्याज होतं. म्हणजे कर्ज फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पुऱ्या एक लाख वीस हजारावरच. दोन वर्षांचं २८,८०० रुपये, हप्ता ६,२०० रुपये. तेच व्याज घटत्या रकमेवर असतं तर हप्ता सुमारे ५,६५० आणि व्याज सुमारे १५,६०० झालं असतं. एका शब्दाचे तेरा हजार! यंत्र विकून आलेले पैसे उरलेल्या हप्त्यांत गेले, तरी सात हजार गटाच्या शिलकीतून घालावे लागले. सगळं धरून १,२३,८०० रुपये गेले, वीजजोडणीचे वेगळेच. पाटल्या सोडवायला पुढची दिवाळी उजाडली. ती बाई एका शब्दानं बोलली नाही. त्याचंच आम्हाला जास्त लागलं.

तेव्हापासून कुठलीही वस्तू आणायची म्हटली की आम्ही वही काढतो आणि पहिला प्रश्न लिहितो : वर्षातले किती दिवस चालणार? किंमत नंतर.

शेतीत आपल्याला हे बरोबर कळतं. चार एकरांची बाई ट्रॅक्टर विकत घेत नाही, एकरावर पैसे देऊन नांगरून घेते. जमीन कमी पडली तर कुणाची खंडानं करते. बैल मात्र ज्याला रोज लागतात तो घरचे ठेवतो. स्वयंपाकघरातल्या यंत्रांनाही हेच लागू आहे, फक्त तिथं चमकणारं स्टील बघून आपण भुलतो.

मागच्या पावसाळ्यात आम्हाला एका वसतिगृहाचं काम मिळालं आणि रोजच्या चपात्या सहाशेवर गेल्या. एका किलो पिठाच्या तीस-बत्तीस धरल्या तर वीस किलो कणीक रोज मळायची. दोघी मिळून दीड तास. त्यातली एक म्हणजे पाटल्या ठेवणारी आमची वहिनी. गणपतीच्या सुमारास तिला उजवा हात वर करून वेणी घालता येईना. डॉक्टर म्हणाले, खांद्याला विश्रांती द्या. आमच्या वहीत पीठ, तेल, गॅस, वीज, भाडं असे रकाने होते, वहिनीच्या खांद्याचा रकाना नव्हता.

तरी यंत्र घ्यायचं म्हटल्यावर आमचीच जीभ रेटेना. एकदा हात पोळलेला. शेवटी वहिनीच म्हणाली, "मांडा की हिशोब. घाबरून मळत बसायचं का?"

मांडला. कणीक मळायचं यंत्र, एका वेळेला दहा किलोचं, एक हॉर्सपॉवरची मोटर, सिंगल फेजवर चालणारं. किंमत २६,००० रुपये. महिन्याला दोन हजार भाड्यानंही मिळत होतं. आमचं केंद्र वर्षाचे तीनशे दिवस चालतं. यंत्र पाच वर्षं टिकलं तर दीड हजार दिवस, म्हणजे दिवसाला साडेसतरा रुपयेसुद्धा पडत नाहीत. वीज रोजची अर्धा युनिट. भाड्यानं घेतलं तर वर्षाचे चोवीस हजार, दिवसाला ऐंशी. तेरा महिन्यांच्या भाड्यात यंत्राची किंमत वसूल, मग भाडं कशाला?

पण एकीनं चांगली शंका काढली. वसतिगृहाचं काम एप्रिलपर्यंतचं. पुढच्या वर्षी नाही मिळालं तर? तेव्हा आम्ही अडीचशे चपात्यांवरही हिशोब करून पाहिला. आठ किलो कणीक तरी रोज मळायचीच आहे, यंत्र एका घाण्यात मळेल. ऑर्डर गेली तरी ते साडीखाली जाणार नाही, हे दिसलं तेव्हा सह्या केल्या. त्याआधी दोन महिने भाड्यानंच आणून वापरलं, चार हजार गेले. जाऊ द्यात. कणीक सैल होते का, पातं धुता येतं का, कोपऱ्यात पीठ अडकून आंबतं का, हे प्रदर्शनात कळत नाही. लाटणं मात्र हातानंच ठेवलं. लिज्जतच्या बायकांनी १९५९ साली गिरगावात ऐंशी रुपये उसने घेऊन पापड सुरू केले; त्यांच्याकडेही पीठ केंद्रात मळून मिळतं आणि बहिणी ते घरी नेऊन हातानं लाटतात. कुठलं काम यंत्राला द्यायचं आणि कुठलं हाताशी ठेवायचं, हे त्यांना आमच्या फार आधी कळलं होतं.

मसाल्याचं उलट झालं. कांडप यंत्र ७५,००० रुपयांचं बघून आलो होतो. पाच वर्षं धरली तर वर्षाला पंधरा हजार. आमचा मसाला म्हणजे मार्च ते मे, सगळा मिळून अडीचशे किलो. शेजारच्या गावातला गट चाळीस रुपये किलोनं कांडून देतो, म्हणजे दहा हजारांत आमचं वर्ष निघतं. पावणेचारशे किलोच्या वर गेलो तरच यंत्राचा विचार, तोही वीज आणि व्याज न धरता. शिवाय मिरचीची धूळ आम्हाला नको, चपातीच्या खोलीत तर नकोच. मिरच्या भाजून नेतो, समोर बसून कांडून आणतो. समोर बसायचंच. नाहीतर आधीच्या कुणाच्या धण्याचा वास आपल्या मसाल्याला.

मोठी भांडी, भट्टी, कढया, झारे आम्ही मंडपवाल्याकडून रोजाच्या भाड्यानं आणतो. वर्षातून दहा-बारा ऑर्डरी, त्यासाठी शंभर माणसांची पातेली घरात कुठं ठेवणार? इथं दोन गोष्टी सांभाळा. आणताना भांडी मोजून, पोचे बघून, मोबाइलवर फोटो काढा. अनामत परत घेताना वाद होतो तो पोच्यांवरूनच. आणि पितळी भांडं असेल तर आत हात फिरवून कल्हई बघा. एका साखरपुड्यात आमची चिंचेची आमटी कळकली. पन्नास माणसांची आमटी ओतून दिली आणि दुसरी टाकली. वाढप पाऊण तास लांबलं. भट्टीला सिलिंडर १९ किलोचा व्यावसायिकच लावा, घरगुती १४.२ किलोचा धंद्याला चालत नाही.

सरकारी अनुदानाचंही विचारतात. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रसामग्रीला ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदान ठेवलेलं आहे. पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं. रोखीनं यंत्र घेऊन मग पावती दाखवली तर मिळत नाही. आणि रक्कम कर्जखात्यात तीन वर्षांनी वळती होते, तोवर धंदा चालू आणि हप्ते वेळेवर पाहिजेत. आमचं पहिलं यंत्र चौदा महिन्यांत गेलं, ध्यानात आहे ना? सध्या अर्ज घेतात का, हे तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचारा. पण "३५ टक्के मिळतायत" म्हणून मोठं यंत्र घेऊ नका. दीड लाखाच्या यंत्रावर अनुदान मिळालं असतं तरी आमच्या चपातीला पदर सुटले नसते.

राहिला डीप फ्रीजर, आणि तिथं आम्ही अजून अडलेलो आहोत. सोललेले मटार, खवलेलं खोबरं, मोदकाचं सारण ठेवायला पाहिजे आहे. विकत ३८,००० रुपये. एक जण तीन वर्षांच्या करारानं द्यायला तयार आहे, लीज म्हणतात ते, महिन्याला १,९००. छत्तीस महिन्यांचे होतात ६८,४००. ऐकल्याबरोबर आमच्यातल्या दोघी उठूनच गेल्या. पण त्यात दुरुस्ती त्याची आहे, आणि आमच्याकडे वीज सारखी ये-जा करते, कॉम्प्रेसर जळायची भीती खरी आहे. करारात लिहिलंय, "दुरुस्ती मालकाकडे". किती दिवसांत, ते लिहिलेलं नाही. फ्रीजर बंद पडून चार दिवस थांबायला लागलं तर आतल्या मालाचं कोण भरणार, तेही नाही. मध्येच परत करायचा झाला तर उरलेले हप्ते द्यायचे की नाहीत? तीन वर्षांनंतर फ्रीजर कुणाचा? हे चार प्रश्न कागदावर लिहून आम्ही त्याला दिले आहेत. तो म्हणाला, "ताई, एवढं कुणी विचारत नाही." आम्ही म्हटलं, आम्ही विचारतो.

उत्तर लेखी आलं तर बघू, तोंडी आलं तर फ्रीजर नको. तोपर्यंत खोबरं रोजचं रोज खवतोय. तुमच्यापैकी कुणी असा करारानं फ्रीजर ठेवला असेल तर केंद्रावर निरोप द्या. आणि हो, वहिनीची वेणी आता तिची तीच घालते.