पहिला पण

जयपूरच्या जुन्या शहरात बडी चौपड आणि छोटी चौपड असे दोन चौक आहेत. सवाई जयसिंहाने १७२७ साली वसविलेल्या या नगरीत रुंद, सरळ रस्ते एकमेकांस जेथे छेदतात, त्या जागा चौपडीच्या, म्हणजे आपल्या सारीपाटाच्या, नावाने ओळखल्या जातात. पटाला चार फाटे, प्रत्येकात चोवीस घरे, एकूण शहाण्णव. नुकतीच वाटेला लागलेली सोंगटी मारली गेली तर चार-सहा घरांची चाल वाया जाते, एवढेच. घराच्या तोंडाशी मारली गेली तर सारा प्रवास फुकट. म्हणून सारीपाटात आरंभीचे धाडस स्वस्त आणि शेवटचे महाग.

पोकर नावाच्या पत्त्यांच्या खेळाची स्पर्धा भरते, तेव्हा हा हिशेब नेमका उलटा होतो. (पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ साली कायद्याने बंदी घातली, येथे विचार आहे तो केवळ गणिताचा.) स्पर्धेत प्रत्येकाला सारख्या चकत्या मिळतात. त्या संपल्या की खेळाडू उठला. मारलेल्या सोंगटीसारखा तो पुन्हा पटावर येत नाही.

समजा, प्रत्येकाजवळ दहा हजार चकत्या आहेत. पाने पाहण्यापूर्वीच दोघांना पाळीपाळीने सक्तीचा पण लावावा लागतो : एकाला ५०, दुसऱ्याला १००. मध्ये पडले दीडशे. एखाद्या उतावळ्याने हाती दोन राजे येताच दहाही हजार पुढे लोटले, तर काय होते? दुबळी पाने असलेले सारे पाने टाकून देतात आणि त्याच्या पदरी दीडशे पडतात. सामोरा येतो तो बहुधा दोन एक्के घेऊनच. दीडशेसाठी दहा हजार संकटात घालणे याला शौर्य म्हणत नाहीत. जाणता खेळाडू अडीचशे-तीनशेच लावतो. तेवढ्याने दुबळे हात बाहेर जातात आणि बरे हात मोहात पडून राहतात.

याहून सूक्ष्म गोष्ट बक्षिसांची आहे. दहा खेळाडू, प्रत्येकी हजार रुपये प्रवेशमूल्य. पहिल्यास पाच हजार, दुसऱ्यास तीन, तिसऱ्यास दोन. पहिल्याच डावात एकाने दुसऱ्याच्या सर्व चकत्या जिंकल्या, तर त्याच्या चकत्या दुप्पट झाल्या खऱ्या. परंतु स्पर्धेतील त्याचा वाटा दोन हजारांचा होत नाही. रूढ हिशेबाने तो सुमारे १,८४४ रुपयांचा भरतो, कारण साऱ्या चकत्या मिळविणाऱ्यालाही अखेर पाच हजारच मिळायचे असतात. हरला असता तर मात्र त्याचे पुरे हजार गेले असते. तेव्हा सर्वस्व लावायचे तर जिंकण्याची शक्यता शंभरात पन्नास असून भागत नाही. चोपन्नांच्या वर हवी.

द्यूतसभेतील युधिष्ठिराचा पहिला पण एका रत्नहाराचा होता. तो गेल्यावर प्रत्येक पण आधीच्या हानीच्या रागाने वाढत गेला. भाऊ, स्वतः आणि द्रौपदी येथवर. हाराने कोणी दरिद्री झाला नसता. घात केला तो हरल्यानंतर पण वाढविण्याच्या सवयीने.

तथापि आरंभी नुसते हात आखडून बसणेही चूक. दोन दुर्री किंवा दोन पंजे अशी लहान जोडी हाती आली, तर शंभर चकत्या देऊन पुढली तीन पाने पाहावीत. त्यांत जोडीचे तिसरे पान साधारण साडेआठ वेळांतून एकदाच येते. पण आले की त्याचे बळ कोणाला दिसत नाही, आणि समोर अजून हजारोंचा ढीग असतो. पुढे ढीग आटले की हीच जोडी इतके देत नाही.

तास उलटतात, सक्तीचे पण पाचशे आणि हजारांवर जातात. दहा हजार आता दहाच वेळा पुरण्यासारखे असतात आणि मध्ये आधीच दीड हजार पडलेले असतात. पहिल्या तासाला ज्याने एक्का आणि नव्वी शहाणपणाने टाकून दिली, तोच आता त्याच पानांवर सगळे पुढे लोटतो.