तिन्ही दिवस बघा



मुख्याध्यापिका बाईंनी फोनवर मला 'क्रीडाक्षेत्रातील संधी आणि आजचा युवक' हा विषय दिला होता. मी खेळाडू नाही. गुराढोरांचा डॉक्टर म्हणून सरकारी नोकरी केली आणि निवृत्त झालो. पण एका खेळाचा मी चाळीसहून जास्त वर्षं चाहता आहे, आणि तो खेळ आपल्या मलकापुरात कुणी खेळत नाही. तो म्हणजे घोडेस्वारी. लग्नाच्या वरातीतली किंवा पैसे लावायच्या शर्यतीतली नव्हे, ऑलिंपिकमधली. म्हणून खेळाडू कसं व्हावं हे तज्ज्ञांनी सांगावं. चाहतं कसं व्हावं, हे मला सांगता येईल.

आज शाळेचा हा मंडप उभा आहे तिथे आमच्या वेळी कबड्डीचं मैदान होतं. पलीकडे टिनाच्या दोन खोल्या, पावसात तिथे शिकवलेलं काही ऐकू येत नसे. शाळेच्या संघात माझी निवड झाली नाही. आमच्या पीटीच्या सरांचा एक नियम होता. निवड न झालेल्या मुलांनी घरी जायचं नाही. रेषेबाहेर बसून सामना शेवटपर्यंत बघायचा आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर सांगायचा. कोण जिंकलं हे ते कधीच विचारत नसत. "हरणाऱ्यांचा दम कधी सुटला? कुणामुळे सुटला?" असं विचारत. उत्तर आलं नाही तर पुढच्या सामन्याला पुन्हा आम्हीच. सर आज नाहीत. त्यांनी घडवलेले खेळाडू जिल्ह्यात तुम्हाला भेटतील, पण त्यांनी बघणारेही घडवले, याची नोंद कुठल्याच ढालीवर नाही. ती आज या माईकवरून व्हावी असं मला वाटतं.

माझे वडील मलकापूर स्टेशनवर टांगा चालवायचे. शाळेत येण्याआधी घोड्याला खरारा करणं, चंदीचा तोबरा बांधणं, टापा बघणं हे काम माझं. वडील चार इयत्ताही शिकले नव्हते. ते म्हणायचे, "आधी कान पाह्य, मंग लगाम धर." घोड्याचे कान पुढे आहेत, मागे आहेत की एक पुढे नि एक मागे, यावरून त्याच्या मनात काय चाललंय ते कळतं. पुढे पशुवैद्यकीच्या पुस्तकात हेच इंग्रजीत वाचलं, तेव्हा ते मला आधीच पाठ होतं. टांगेवाल्याच्या मुलाची फी या शाळेने कधी मागितली नाही. संस्थेचे अध्यक्ष साहेब, तेव्हा तुमचे वडील इथे होते, तुम्हाला हे माहीत असेल.

मग नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. 1982 साली दिल्लीला आशियाई खेळ झाले आणि त्यात घोडेस्वारी पहिल्यांदाच आली. वसतिगृहात सगळे हॉकीबद्दल बोलत होते. मी वर्तमानपत्रात वाचलं, जयपूरच्या 61 कॅव्हलरीच्या रघुबीर सिंह नावाच्या दफेदाराने शहजादा नावाच्या घोड्यावर इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. सांघिक सुवर्णही आपलंच. भरधाव घोड्यावरून भाल्याने जमिनीतली मेख उचलायची, त्यातलं सुवर्ण रूपिंदर सिंह ब्रार यांचं. बातमीत घोड्याचं नाव छापलं होतं, आणि ते नाव वाचून मी या खेळाचा झालो. दुसरा कुठला खेळ आहे, ज्यात विजेत्याबरोबर मुक्या जिवाचं नाव लिहितात?

इव्हेंटिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, नियमांत अडकवत नाही. एकच स्वार, एकच घोडा, तीन परीक्षा. पहिली ड्रेसाज. आखलेल्या चौकोनात ठरलेल्या चाली, कदम, दुडकी, दौड, आणि स्वाराने घोड्याला केलेली खूण बघणाऱ्याला दिसता कामा नये. दुसरी क्रॉसकंट्री. माळरान, चढउतार, पाणी, ओंडके, आणि घड्याळ. तिसरी दांड्यांवरून उड्या. दांडी पडली की चार दंडगुण. शेवटी ज्याचे दंडगुण कमी तो जिंकला. एवढं कळलं की बघायला पुरे.

आता मुद्द्याचं बोलतो. मुलांनो, तुम्ही खेळ बघत नाही. तुम्ही तुकडे बघता. मोबाइलवर अर्ध्या मिनिटात षटकार येतो, गोल येतो, घोड्यावरून पडलेला माणूस येतो. त्याच्या आधीचा तास येत नाही. माझं सांगणं एकच आहे, आज बाकी सगळं विसरलात तरी चालेल. अख्खं बघा. जे बघाल ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा.

टोकियोत 2021 साली फवाद मिर्झा घोडेस्वारीत एकटा भारताकडून उतरला. ऑलिंपिकमध्ये घोड्यावर बसलेला त्याच्या आधीचा भारतीय म्हणजे सिडनीत उतरलेला इम्तियाझ अनीस, त्याच्या एकवीस वर्षं आधीचा. फवादच्या घोड्याचं नाव सेन्यर मेडिकॉट, याच जोडीने 2018 ला जकार्तात वैयक्तिक रौप्य आणलं होतं. ड्रेसाजमध्ये त्यांचे दंडगुण फक्त 28. क्रॉसकंट्रीचा ठरलेला वेळ 7 मिनिटं 45 सेकंद, त्यांना 28 सेकंद जास्त लागले. सेकंदाला 0.4 प्रमाणे 11.20 वाढले. उड्यांच्या पहिल्या फेरीत दोन दांड्या, आठ दंडगुण, तरीही पंचविसावा येऊन अंतिम फेरीत. तिथे तीन दांड्या आणि एक सेकंद. एकूण 59.60, क्रमांक तेविसावा.

बातमी एका ओळीची होती, 'फवाद मिर्झा तेविसावा'. ज्याने ती ओळ वाचली त्याला वाटलं, हरला. मी सगळे दिवस बघितलं होतं. माळरानावर दमलेला तो घोडा दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहतो, कान पुढे करतो, पुन्हा उडी घेतो. त्याला पदक म्हणजे काय ते माहीत नाही. तो केवळ पाठीवरच्या माणसावर विश्वास टाकून उडी मारतो. तो विश्वास कसा जमवला असेल, हा प्रश्न तीन दिवस बघणाऱ्यालाच पडतो. म्हणून म्हणतो, अख्खं बघा.

मुक्या जिवाचा विश्वास काय असतो, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला वेगळं सांगायची गरज नाही. शेगावच्या महाराजांची गोष्ट इथे बसलेल्या प्रत्येक आजीला ठाऊक आहे. गोविंदबुवा टाकळीकरांचा द्वाड घोडा, साखळदंडांनी बांधूनही न आवरणारा, आणि गजानन महाराज त्याच्या चार पायांत जाऊन निजले, तसा तो शांत झाला. ज्यांची श्रद्धा आहे ते चमत्कार म्हणतील. मी श्रद्धेने ऐकतो आणि पशुवैद्य म्हणूनही ऐकतो. भ्यालेलं जनावर न भिणाऱ्या माणसाजवळ शांत होतं, हे मी नोकरीत गोठ्यागोठ्यांतून बघितलं आहे.

मघाशी जिजाऊंच्या वेशात लेझीम खेळलेली मुलगी समोर बसली आहे. बेटा, परवाच्या 12 जानेवारीला सिंदखेडराजाला जाऊन आलीस का? जिजाऊंच्या माहेरच्या जाधवांच्याच कुळातले सेनापती धनाजी जाधव. मोगलांचे घोडे पाणी पिईनात, तर त्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसतात का, असं विचारत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. शिवाजी महाराजांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार होते. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराला घोडा सरकारातून मिळे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. आजचा व्यावसायिक घोडेस्वार मला तरी बहुतेक वेळा बारगीरच दिसतो. घोड्याची किंमत कोटींत जाते, मालक कुणी उद्योगपती किंवा कंपनी असते. स्वार रोज पहाटे उठून त्या घोड्याला घडवतो, आणि उद्या मालकाने विकला तर लगाम दुसऱ्याच्या हाती देतो. हे दुःख क्रिकेटच्या बॅटीत नाही.

आणि नववी-दहावीच्या मुलींनो, तुमच्यासाठी खास. ऑलिंपिकच्या घोडेस्वारीत मुलगे वेगळे, मुली वेगळ्या असं काही नाही. एकाच मैदानात, एकाच नियमाने, एकाच पदकासाठी. 26 सप्टेंबर 2023 ला चीनमधल्या हांगझोऊला भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं, घोडेस्वारीतलं 41 वर्षांनी आलेलं सोनं. त्या चौघांत इंदूरची सुदीप्ती हजेला आणि जयपूरची दिव्यकृती सिंह होती, मुंबईचा हृदय छेडा आणि कोलकात्याचा अनुष अगरवाला होता. 209.205 गुण, चीन दुसरा. इंदूर आपल्यापासून किती लांब आहे? सकाळी निघालात तर संध्याकाळच्या आत पोहोचता. सुदीप्ती तेव्हा 21 वर्षांची होती. 

पालक विचारतील, श्रीमंतांचा खेळ आहे, आमच्या लेकरांना काय उपयोग. खर्चिक आहे, हे मी लपवत नाही. आपले चांगले स्वार युरोपात राहून सराव करतात, त्याचं एक कारण पैशांपलीकडचं आहे, ते आमच्या क्षेत्रातलं. इथला घोडा परदेशी स्पर्धेला पाठवायचा तर ग्लँडर्स, सर्रा, अश्व-इन्फ्लुएंझा असे रोग त्याच्या मुलखात नाहीत, याची खात्री जगाला द्यावी लागते. ती आपल्याला देता येत नव्हती. जुलै 2025 मध्ये मेरठ छावणीतल्या लष्कराच्या पशुवैद्यक केंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेने अश्वरोगमुक्त कप्पा म्हणून मान्यता दिली. वर्तमानपत्रांत ही बातमी कुठेतरी कोपऱ्यात आली. माझ्या दृष्टीने ती पदकाएवढी मोठी आहे, आणि ते काम करणारे माझ्यासारखेच जनावरांचे डॉक्टर होते. तुमच्यातल्या कुणी तिकडे जावं. रघुबीर सिंह सैन्यातले दफेदार होते, हेही विसरू नका. बुलढाणा जिल्ह्यातून सैन्यात जाणाऱ्या पोरांना पागेचं दार बंद नाही.

बाईंची चिठ्ठी आली आहे, आवरतो. करिअरबद्दल बोलायचं राहिलं, ते पुढच्या पाहुण्यांकडून ऐका. पण एक सांगतो. बघणारे नसले की खेळ मरतो. आपल्याकडच्या शंकरपटात बैलाची चाल बघून जोडी सुटायच्या आधी निकाल सांगणारे म्हातारे मी बघितले आहेत. ती नजर त्यांना कुणी तुकड्यांतून दिली नाही, उन्हात दिवसभर बसून त्यांनी ती कमावली. आपल्या पोरांकडे ती नजर असताना जगातला कुठलाही खेळ त्यांना परका राहू नये. पट्टायाच्या आशियाई घोडेस्वारी अजिंक्यपद स्पर्धेत नुकतंच आशिष लिमयेने इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. या मंडपात किती जणांनी ते नाव ऐकलं होतं? हात वर करा. बघा, दोनच. हे बदलायला हवं.

अध्यक्ष साहेब, माझी एकच विनंती. येत्या 19 सप्टेंबरपासून जपानमध्ये, आयची-नागोयाला आशियाई खेळ आहेत. घोडेस्वारीच्या दिवसांत शाळेच्या सभागृहात पडदा लावून द्या. खर्च मी देतो, येऊन समजावूनही सांगतो. पालकांनी त्या दिवसांत पोरांना शिकवणीला पाठवू नये. पदकाचा दिवस तेवढा दाखवू नका, पहिल्या दिवसाचं ड्रेसाजही दाखवा, आणि मुलींना पुढच्या रांगेत बसवा.