द्वेषावाचून चालणारा भेद

स्टोकली कारमायकेल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी १९६७ साली ‘ब्लॅक पॉवर’ या ग्रंथात अमेरिकेतील वर्णभेदाचे दोन प्रकार मांडले. एक व्यक्तीने केलेला. दुसरा संस्थांच्या नित्य व्यवहारात मुरलेला. पहिला डोळ्यांना दिसतो. दुसऱ्यास द्वेष करणारा माणूसही लागत नाही.

जातिभेदालाही हे विवेचन लागू पडते. मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. हिंगोली ज्यात होती तो परभणी जिल्हाही त्यातून सुटला नाही. घरे जाळणारे हात दिसले. पण ठराव अडून राहिला, याबद्दल आरोपी कोणास करावे? नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी.

महारवाडा, मांगवाडा ही नावे तर सरकारी दप्तरातही चालत आली. ती बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. ती लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनात आकस असेलच असे नाही. पूर्वीचे तो पुढे उतरवीत होता, इतकेच.

‘जातीचा विषय काढू नका, गावचा सलोखा बिघडेल,’ असे सांगितले जाते. परंतु ज्या सलोख्यासाठी एकानेच गप्प बसायचे, तो सलोखा नव्हे. म्हणून कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत उघड विचारावे: नळ कोणत्या वस्तीत शेवटी पोचतो? रस्ता कोठे संपतो? स्मशानभूमी कोणास नाही? आणि उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत.