शहापूर-मुरबाडकडील खाणें

शहरांतील जुन्या उपाहारगृहांविषयीं आपण पुष्कळ ऐकलें असेल. दादरचें मामा काण्यांचें उपाहारगृह १९१० सालचें. ठाण्याच्या एका मिसळीला तर मामलेदार कचेरीच्या शेजारामुळें ‘मामलेदार’ हेंच नांव पडलें आणि तें आज सर्वतोमुखीं झालें आहे. अशा ठिकाणांना पाटी असते, स्थापनेचें साल असतें, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा मालक गल्ल्यावर बसलेला असतो. माझी सारी नोकरी ठाणें जिल्ह्यांतील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत झाली. तेथली अशी एखादी पाटी मला दाखवितां येणार नाहीं. पण खाण्याची परंपरा म्हणाल, तर ती आमच्याकडे कोणत्याही पाटीहून जुनी आहे. ती हॉटेलांत मात्र मिळत नाहीं.

विकतच्या खाण्याला आमच्याकडे वाव मिळाला तो वाटसरूंमुळें. आगगाडी कसाऱ्यास १८६१ सालीं आली आणि १८६५ सालीं घाट चढून इगतपुरीस गेली. जादा इंजिनें जोडण्यासाठीं गाड्या कसाऱ्यास थांबूं लागल्या, आणि गाडी थांबली म्हणजे चहा-वडा आलाच. मुंबई-आग्रा रस्ता शहापुरावरून जातो; त्याच्या कडेचीं हॉटेलें नाशिककडे जाणाऱ्या उतारूंसाठीं. तेथें तंदुरी रोटी मिळते, इडली मिळते, मिसळ मिळते. तांदळाची भाकरी आणि वालाचें बिरडें मागितलें तर पोऱ्या मालकाकडे पाहूं लागतो.

घरीं मात्र तांदूळ, नाचणी आणि वरई यांवरच जेवण. उकड काढून हातावर थापलेली पांढरीशुभ्र भाकरी, भात कापल्यावर जमिनीच्या ओलीवर घेतलेल्या वालांचें बिरडें, आणि पावसाळ्यांत समुद्रावरची मासेमारी बंद झाली म्हणजे सुकट-बोंबील. मुरबाडच्या डोक्यावर माळशेज घाट. घाटावर बाजरी, घाटाखालीं तांदूळ. पौषी पौर्णिमेस म्हसा गांवची यात्रा भरते, बैलांचा मोठा बाजार लागतो, आणि झाडाखालीं दोन्ही मुलखांच्या शिदोऱ्या शेजारीं शेजारीं सुटतात. सौदा जमो न जमो, भाकरीची देवघेव होतेच.

शाळेंत मधल्या सुटींत मी मुलांच्या पंक्तींतून फिरत असें. गव्हाची पोळी आणणारा मुलगा ऐसपैस बसे. नाचणीची काळी भाकरी आणणारा डब्याचें झांकण अर्धेंच उघडी. तीच नाचणी आज मुंबईच्या दुकानांत पौष्टिक म्हणून चढ्या भावानें विकली जाते, याची त्या पोराला काय कल्पना!

मोहाच्या फुलांचें याहून वाईट झालें. वाळविलेलीं फुलें उकडून किंवा भाजून खाणें हा रानांतल्या माणसांचा उन्हाळ्यांतील आधार. त्यांची दारू गाळतात म्हणून १८९२ सालीं मुंबई सरकारनें मोहाचा कायदा केला आणि ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत फुलांच्या सांठ्यावरच निर्बंध घातले. आमच्या तानशाचें पाणी मुंबईस गेलें तें त्याच सालीं. असो.

पण सर्वांत नाजूक प्रकरण शेवळांचें. मृगाच्या आगेमागे रानांत जमिनींतून जांभळट कोंब उभे राहतात, तीं शेवळें. सुरणाचेंच हें भाऊबंद, म्हणून खाजरें. आंतला पिवळा भाग काढून टाकावा लागतो, उरलेलें बारीक चिरून परतावें लागतें, आणि काकड नांवाच्या झाडाचीं आंबट फळें ठेचून त्यांचा रस घालावा लागतो. काकडांवांचून केलेली भाजी घशाला अशी खाजते, कीं खाणाऱ्यानें पुन्हां नांव काढूं नये. मुंबई-ठाण्याच्या कायस्थ प्रभूंच्या घरीं हींच शेवळें कोलंबी घालून मोठ्या मानानें ताटांत येतात. त्यांची शेती कोणी करीत नाहीं. कोंब कोठें उगवतो, केव्हां खुडावा, कोणता सोडावा, हें ठाऊक असतें तें ठाकरणींना आणि कातकरणींना. पहांटेच्या गाडीनें शेवळांच्या जुड्या घेऊन बाजार गांठणाऱ्या या बायकांच्या मुली आतां वीटभट्टीवर, कारखान्यांत किंवा, सुदैवानें, शाळेंत जातात. रान ओळखण्याचा धडा आमच्या कोणत्याही इयत्तेंत नव्हता, आणि आईबरोबर रानांत जाण्याचे दिवस मुलीचे राहिले नाहींत. शहरांतलें जुनें हॉटेल बंद पडलें तर वर्तमानपत्रांत त्याचा फोटो येतो. पाड्यावरची एखादी म्हातारी गेली, तर शेवळें कोठें उगवतात हें सांगणारें माणूस गेलें, हें घरच्यांनाही पुढच्या पावसांतच कळतें.

येत्या ज्येष्ठांत आपण बाजारांत शेवळांची जुडी घ्याल, तेव्हां घासाघीस बाजूस ठेवून त्या बाईला विचारा, “मावशी, हीं करायचीं कशीं?” ती सगळें सांगेल, आणि बहुधा न मागतांच मूठभर काकडें आपल्या पिशवींत टाकील.