शब्दांच्या छटा आणि आपली लेकरं



घरातलं मूल आजीच्या तोंडी 'लेकरू' असतं, शाळेच्या हजेरीपटावर 'विद्यार्थी' असतं आणि दप्तर फेकून खेळायला पळालं की त्याचं 'कार्टं' होतं. मूल तेच, पण दर वेळी बोलणाऱ्याच्या मनातला भाव निराळा. शब्दाच्या अर्थाला चिकटून येणारा हा बरा-वाईट भाव म्हणजे शब्दाची छटा. समानार्थी शब्द आपण मुलांकडून पाठ करून घेतो, छटा मात्र शिकवायची राहून जाते. मग यादीत 'हुशार, चतुर, धूर्त' एका ओळीत वाचलेलं मूल निबंधात बिनधास्त लिहितं, 'आमचे गुरुजी फार धूर्त आहेत.' त्यात त्याचा काय दोष?

खरं तर छटा मुलांच्या कानावर रोज पडतातच. घरात बांगडी फुटली तरी बायका 'वाढवली' म्हणतात. दुकानदार रात्री दुकान 'वाढवतो'. निघालेला पाहुणा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. असं का म्हणतात, एवढंच मुलांना विचारा. अशुभ शब्द टाळायची आपली जुनी रीत त्यांची त्यांनाच उमगेल.

पुढची पायरी वाक्याची. 'काका पैसे जपून खर्च करतात.' मग काकांना काटकसरी म्हणायचं की चिक्कू? काटकसरी कोण म्हणेल, आणि चिक्कू कोण? बहुधा काकू पहिला शब्द वापरतील आणि उसने मागायला येऊन रिकाम्या हाताने परतलेला शेजारी दुसरा! जिद्दी आणि हट्टी, बोलका आणि वाचाळ, धीट आणि आगाऊ, भोळा आणि बावळट, अशा जोड्या घ्या. वाक्य तेच ठेवून एकच शब्द बदला आणि माणसाचा मान वाढला की उतरला, ते मुलांना सांगू द्या. मोठ्या मुलांना वर्तमानपत्र द्या. 'चौकात लोक जमले', 'चौकात जमाव जमला', 'चौकात टोळकं जमलं'. तिन्ही बातम्या एकाच घटनेच्या असू शकतात, पण वाचणाऱ्याचं मत प्रत्येक वेळी वेगळं होतं.

छटा बोलणाऱ्यावरही ठरते. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आपण परभणीकर म्हणतो तेव्हा त्यात ऐट असते. बाहेरचा माणूस हसत म्हणाला की तीच थट्टा होते. 'दासी' हा शब्द तर हलक्या कामाचा. पण आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंनी स्वतःला 'नामयाची दासी' म्हणवून घेतलं आणि त्या शब्दाला संतपदाचा मान मिळाला.

शब्द जखमही करतो. सातारा जिल्ह्यात मुलाची वाट पाहणाऱ्या घरांत झालेल्या मुलींना 'नकुशा', म्हणजे नकोशी, हे नाव ठेवलं जायचं. शाळेत हजेरी होताना रोज तेच नाव पुकारलं जायचं. ऑक्टोबर 2011 मध्ये तिथे जाहीर कार्यक्रम घेऊन अशा 285 मुलींना नवी नावं देण्यात आली. कितीतरी जणींनी आपलं नाव स्वतः निवडलं.

म्हणून मुलांना फक्त गोड शब्द शिकवायचे का? तसं केलं तर शिकवण अर्धीच राहील, कारण सौम्य शब्द कधी कधी सत्य झाकतो. 1963 साली महाराष्ट्राने खास कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'दुष्काळ' हा शब्दच काढला आणि त्याच्या जागी 'टंचाई' आणला. टंचाईची चिन्हं दिसताच सरकार मदत पोचवतं, त्यामुळे दुष्काळ पडायला आता वावच उरला नाही, अशी त्यामागची भूमिका होती. पुढे नऊ वर्षांनी काय झालं ते मराठवाड्याला सांगायला नको. आपली म्हातारी माणसं आजही 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतात, 'बहात्तरची टंचाई' कुणी म्हणत नाही. शब्द कानाला बरा वाटतो की बोचतो, हे मुलांनी ओळखावंच. पण तो खरा आहे का, आणि तो वापरल्याने कुणाचं काय झाकलं जातं, हेही त्यांनी विचारायला शिकलं पाहिजे.

शिक्षकांना माझी विनंती आहे की समानार्थी शब्दांच्या तक्त्यात एक रकाना वाढवा: 'हे कोण, कुणाला म्हणेल?' आणि आईवडिलांनो, रागाच्या भरात 'ढ', 'आळशी', 'निकम्मा' असे शब्द तोंडातून सहज जातात. त्यांची छटा मुलांना कोणत्याही धड्याआधी समजते. 'अभ्यास राहिलाय, चल बसू' असं म्हणूनही काम होतं. तेवढी सवय आपण मोठ्यांनी आधी लावून घेऊ या.