भाऊबीजेची साडी
(तालुक्याच्या गावातील एका सेवाभावी क्लबच्या दिवाळीनंतरच्या सभेत केलेले भाषण)



आत्ताच सेक्रेटरींनी दिवाळीतल्या कामांचा अहवाल वाचला. वीटभट्टीवरच्या मुलांना फराळ, धनत्रयोदशीला रक्तदान शिबिर, पाडव्याला गाण्यांची पहाट, भाऊबीजेला गरजू महिलांना साड्या. यातलं प्रत्येक काम कष्टानं झालं, हे मी पाहिलं आहे. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून बारा वर्षं मी याच तालुक्यात बायकांच्या सल्ला केंद्रात काम करते. साड्यांसाठी नावांची यादी तुम्ही आमच्याकडे मागितली होती आणि ती मीच दिली. म्हणून आज जे बोलणार आहे, त्यात माझीही चूक धरा.

त्या यादीत एक बाई होती. तिला विचारूनच हे सांगते आहे. नाव-गाव सांगणार नाही. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून दोन मुलांना घेऊन ती इथं आली. खोली भाड्यानं घेतली, शिवणकाम सुरू केलं. ती कुठं राहते हे सासरी कुणाला ठाऊक नव्हतं. भाऊबीजेला तिचं नाव पुकारलं, ती स्टेजवर आली. फोटोग्राफर म्हणाला, "ताई, इकडे बघा." तिनं बघितलं. फोटो क्लबच्या ग्रुपवर गेला, तिथून आणखी कुठं कुठं गेला. आठव्या दिवशी नवरा दारात उभा. शेजारणी धावल्या म्हणून निभावलं. आता तिनं खोली बदलली आहे. थोरल्याची शाळा मध्येच सुटली. साडीची घडीसुद्धा तिनं मोडलेली नाही. मला विचारत होती, "ताई, साडी परत केली तर फोटो काढून टाकतील का?"

तुमचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. देणगीदाराला हिशोब दाखवावा लागतो, आमच्याही संस्थेला तो चुकलेला नाही. पण हिशोब पावतीनं दाखवता येतो. त्यासाठी बाईचा चेहरा कशाला लागतो?

दुसरी गोष्ट ओवाळण्याची. सभासदांना ओवाळायला सवाष्णी निवडल्या होत्या. विधवा बायका समोर खुर्च्यांवर बसून पाहत होत्या. मी विचारलं तर उत्तर आलं, "नेहमीची पद्धत आहे." अहो, बहिणीनं भावाला ओवाळायचं, त्यात तिचा नवरा असण्या-नसण्याचा संबंध कुठं येतो? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. एका खेड्याला जे जमलं, ते शिकल्यासवरलेल्यांच्या क्लबला जमू नये?

हे असं का होतं? मला वाटतं, ठरवणारे वेगळे आणि राबणाऱ्या वेगळ्या, म्हणून होतं. सेवाभावी क्लबांचा इतिहासच तसा आहे. रोटरी १९०५ मध्ये शिकागोत सुरू झाली. सभासदांच्या घरच्या बायकांनी १९२४ मध्ये मँचेस्टरला आपलं वेगळं इनरव्हील काढलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा निकाल बायकांच्या बाजूनं लागला, त्यानंतर १९८९ मध्ये रोटरीनं जगभर बायकांना सभासदत्व खुलं केलं. लायन्सनं १९८७ मध्ये दार उघडलं. आता तुमच्याही क्लबात बायका सभासद आहेत. पण यंदा रांगोळी, पाकिटं भरणं, सूत्रसंचालन त्यांच्याकडे. आणि पैसा कशावर खर्च करायचा हे ठरवणाऱ्या बैठकीत त्यांच्यापैकी एकच होती. मला बोलावलं होतं ते यादी घेऊन.

अशा क्लबांना चिकाटीचं काम जमत नाही असं मात्र नाही. रोटरीनं पोलिओचं काम १९८५ मध्ये हाती घेतलं. सरकारी यंत्रणा, आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका अशा सगळ्यांच्या कष्टांनी मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या कामात 'गरजू' बाळं निवडून बाजूला काढली नव्हती. डोस प्रत्येक बाळाचा हक्क मानला आणि पुन्हा पुन्हा घरोघरी जाऊन तो दिला. दिवाळीच्या कामातही मला एवढंच हवं आहे.

म्हणून तीन मागण्या. पहिली, घेणाऱ्या बाईचा फोटो काढायचा नाही आणि यंदाचे फोटो आजच्या आज काढून टाकायचे. दुसरी, साड्यांचा पैसा घर सोडावं लागलेल्या बायकांसाठी ठेवायचा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. पण कोर्टाच्या तारखेला गेलं की दिवसाची मजुरी बुडते, आणि खोलीचं डिपॉझिट कायदा भरत नाही. महर्षी कर्वे यांच्या संस्थेनं भाऊबीज निधी जमवून तो मुलींच्या शिक्षणासाठी वापरला. ओवाळणीचा असाही अर्थ होतो. तिसरी मागणी, दिवाळीच्या समितीत निम्म्या बायका हव्यात आणि त्यात दोघी तरी आजवर रांगेत उभ्या राहणाऱ्यांपैकी हव्यात.

त्या बाईला मी सांगितलं, "साडी परत करू नको, नेस. फोटोचं मी बघते." तिला उत्तर द्यायचं आहे, ते आता तुमच्या हातात आहे.

पुढच्या दिवाळीच्या बैठकीला मी येईन. यादी आणणार नाही. त्यांच्यापैकीच दोघींना घेऊन येईन. त्यांच्यासाठी खुर्च्या ठेवा.