पोरांचा सिनेमा आणि आपला प्रश्न

(छत्रपती संभाजीनगर येथे आमच्या गटाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्याला विचार करायला लावणाऱ्या एका पुस्तकाविषयी, नाटकाविषयी किंवा सिनेमाविषयी बोलायचे ठरले आहे. मी ‘उंबरठा’वर बोलेन असे काहीजणींना वाटले होते. मी बोलणार आहे एका कार्टूनच्या सिनेमावर. हसू नका. आधी मीही हसलेच होते.

डिसेंबर २०१६ ची गोष्ट. आपल्या शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. नोटाबंदी होऊन जेमतेम महिना झाला होता आणि डाळीच्या डब्यात लपवलेल्या नोटा बायकांना नवऱ्यासमोर बाहेर काढाव्या लागल्या होत्या. अशा दिवसांत नऊ वर्षांच्या नातीने ‘मोआना’ नावाच्या सिनेमाचा हट्ट धरला. जावयाने कार्डावर तीन तिकिटे काढली आणि लेक, नात व मी अशा तिघी गेलो. मी गेले ती केवळ सोबत म्हणून. इंग्रजी सिनेमा, त्यात गाणी, त्यात राजकन्या! दोन तास डुलकी काढू, असा माझा बेत होता.

माझ्या या पूर्वग्रहाला कारण होते. डिस्ने कंपनीच्या राजकन्या आपल्याला माहीत आहेत. १९३७ ची स्नो व्हाइट सात बुटक्यांचे घर झाडते आणि राजपुत्राने चुंबन घेतल्यावर जागी होते. १९८९ च्या ‘लिटल मर्मेड’मधली जलपरी तर माणसाचे पाय मिळावेत आणि एका राजपुत्राजवळ जाता यावे म्हणून स्वतःचा आवाज देऊन टाकते. बाईने लग्नासाठी आवाज गमावायचा, याहून स्पष्ट धडा मुलींना कोणता द्यायचा? आता गंमत पाहा. ‘मोआना’चे दिग्दर्शक रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर हे ‘लिटल मर्मेड’चेच दिग्दर्शक. माणसे तीच, कंपनीही तीच, आणि मध्ये गेलेली वर्षे सत्तावीस. एवढ्या काळात त्यांची नायिका बदलली ती आपोआप नाही. जगभरच्या बायकांनी प्रश्न विचारले, आयांनी तक्रारी केल्या, स्टुडिओत बायका लिहू लागल्या, चित्रे काढू लागल्या. त्याचा हा परिणाम आहे, असे मी मानते.

गोष्ट थोडक्यात सांगते. प्रशांत महासागरात मोटुनुई नावाचे बेट आहे. तिथल्या प्रमुखाची एकुलती एक मुलगी मोआना. ती पुढची प्रमुख होणार, हे ठरलेलेच आहे. मुलगी कशी प्रमुख होईल, असे सबंध सिनेमात कोणीही म्हणत नाही. आपल्याकडे पंचायतींत निम्म्या जागा बायकांना मिळाल्यावरही खुर्चीवर सरपंचपती बसलेला आपण पाहतो, म्हणून मला हे विशेष वाटले. तिच्या वाटेत अडथळा आहे तो बापाच्या भीतीचा. प्रवाळाच्या रांगेपलीकडे होडी न्यायची नाही, हा त्याचा नियम. तरुणपणी त्याचा मित्र समुद्रात बुडालेला असतो. पण बेटावरचे नारळ काळे पडू लागतात, मासे मिळेनासे होतात. आजी नातीला एका गुहेत नेते आणि पूर्वजांची मोठी गलबते दाखवते. आपले लोक दर्यावर्दी होते, हे त्या मुलीला तिथे कळते.

आपण मराठवाड्याच्या बायका. आपला समुद्राशी संबंध काय? त्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तरीही तो समुद्र मला परका वाटला नाही. घराबाहेर पाऊल टाकू नको, बाहेर धोका आहे, हे वाक्य आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

ज्या रात्री आजी मरणपंथाला लागते, त्याच रात्री मोआना निघते. ती घाईघाईने सामान बांधत असताना आई दारात येते. मला वाटले, आता रडारड होणार, आई पाया पडणार, शपथ घालणार. तसे काही होत नाही. आई न बोलता पुढे येते आणि गाठोडे बांधायला मदत करते. पडद्यावर हा प्रसंग अर्ध्या मिनिटाचा असेल. माझी झोप तिथेच उडाली.

आता मुख्य भाग. माउई नावाच्या अर्ध्या देवाने हजार वर्षांपूर्वी ते-फिती या सृष्टिदेवीचे हृदय चोरलेले आहे. ते परत नेऊन ठेवायचे काम मोआनाकडे आले आहे. वाटेत ते-का नावाची आगीची राक्षसीण उभी आहे. सगळे तिला घाबरतात. माउई तिच्याशी लढून हरलेला आहे. शेवटी मोआनाच्या लक्षात येते की ही राक्षसीण म्हणजेच ती देवी. हृदय काढून घेतल्यावर तिचे जे उरले, ते हे. मग ती मुलगी समुद्राला बाजूला व्हायला सांगते. राक्षसीण आग ओकत अंगावर येत असते आणि ही गात गात तिच्या दिशेने चालत जाते. हृदय जागेवर बसते, निखारे विझतात, खालून हिरवळ दिसू लागते.

मी अंधारात डोळे पुसले. ‘मुलगी झाली हो’ची गाणी १९८३ नंतर गावोगाव घुमली, तेव्हा भाषणाने न हललेल्या बायका गाण्याने हललेल्या मी पाहिल्या आहेत. इथे तर शब्द धड कळत नव्हते, नात कानात सांगत होती, तरी गाणे पोचले.

आपल्या परंपरेत कोपलेल्या बायका काय कमी आहेत? बाळंतपणात मेलेल्या बाईची हडळ होते, असे म्हणत. तिला टाचणी, खिळे, मंत्र यांनी बांधून टाकत. बाळंतपणात ती का मेली, सुईण वेळेवर आली होती का, हे कोणी विचारत नसे. सल्ला केंद्रात आपल्यापुढे येणाऱ्या तक्रारींत ‘कजाग’ हा शब्द किती वेळा येतो, आठवा. सासू कजाग, बायको कजाग, नणंद कजाग. आपणही तो शब्द नोंदवहीत लिहून घेतो. त्या बाईचे काय हिरावले गेले, हा रकाना आपल्या फॉर्मवर नाही.

आणि दुसऱ्याला कशाला बोल लावू? माझी लेक घरात तापट म्हणून प्रसिद्ध आहे. सिनेमा संपल्यावर रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. मग एवढेच म्हणाली, “तिच्या आईने गाठोडे बांधून दिले.”

१९९३ साली, सोळा वर्षांची असताना, तिची खो-खोच्या शिबिरासाठी निवड झाली होती. शिबिर पुण्याला होते. तिचे वडील नाही म्हणाले. मी त्या काळात हुंडाविरोधी मोर्चात घोषणा देत होते आणि घरात गप्प बसले. एकदा नाही म्हटल्यावर विषय वाढवायचा नाही, असे मी तिलाच समजावले. तिचा खेळ तिथे सुटला.

सिनेमानंतर तीन दिवसांनी मी तिला विचारले, “त्या वेळी तुला काय वाटले होते?” ती म्हणाली, “आता कशाला?” आणि मग बोलत राहिली. शिबिराला न्यायच्या वस्तूंची यादी तिला तेवीस वर्षांनी तोंडपाठ होती. कॅनव्हासचे बूट, सतरंजी, ताट-वाटी, दोन फोटो. मी तिची माफी मागितली. तिचा तापटपणा लगेच गेला असे नाही. पण ती चिडली की आता मी तिला गप्प करत नाही.

या सिनेमावर आक्षेप आहेतच. हा कंपनीचा धंदा आहे, हे विसरू नये. माउईच्या कातडीसारखा दिसणारा मुलांचा पोशाख त्यांनी बाजारात आणला आणि त्या बेटांवरच्या लोकांनी निषेध केल्यावर मागे घेतला. शेवटी देवी माउईला क्षमा करते आणि त्याचे मोडलेले हत्यारही पुन्हा देते. माझी एक मैत्रीण यावर चिडली. म्हणाली, “पुन्हा बाईनेच मोठे मन करायचे का?” प्रश्न रास्त आहे. माझे म्हणणे इतकेच की तिथे हृदय आधी परत मिळते, चूक कबूल होते आणि मग क्षमा होते. सल्ला केंद्रात आपल्याकडून मात्र तडजोड आधी मागितली जाते.

माझी सूचना अशी. वस्तीतल्या मुलींना हा सिनेमा दाखवू या, पण आयांनाही बरोबर बसवू या. नंतर मुलींना विचारू, तुम्हाला कुठे जायचे आहे? आणि आयांना विचारू, तुम्हाला कुठे जायचे होते? उत्तरे ऐकायला वेळ हातात ठेवू. आणि सल्ला केंद्राच्या फॉर्मवर तो एक रकाना वाढवायचा ठराव मी आज मांडते.